लुर्दचा झरा व वैद्यांची कसोटी

वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीच्या जत्रेस जो गेला आहे, त्यानें मेणाचे हात, पाय व डोळे विकावयास मांडलेले पाहिले नाहींत असें होणें नाहीं. ज्या अवयवास पीडा असेल त्याची मेणाची आकृति मातेच्या चरणीं वाहावयाची, ही रीत जुनी आहे. आणि तिला ख्रिस्ती, हिंदु, पारशी असा भेद ठाऊक नाहीं. मनुष्य देवाच्या दारीं केवळ आत्म्याचें तारण मागावयास जातो असें नाहीं. दुखणारा गुडघा, अंधूक होत चाललेली दृष्टि, तापानें फणफणलेलें मूल, यांचें गाऱ्हाणेंहि तो बरोबर नेतो. मग ओघानेंच प्रश्न उभा राहतो, कीं श्रद्धेचा व उपासनेचा शरीराच्या आरोग्याशीं खरोखर कांहीं संबंध आहे काय? असल्यास तो किती? आणि त्या श्रद्धेशेजारीं वैद्याचें स्थान कोणतें?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. कोणी नवस केला म्हणून चालू असलेलें औषध सोडून देतो. कोणी प्रार्थना करूनहि बरा झाला नाहीं म्हणून आपलीच श्रद्धा अपुरी, असें मनांत घेऊन झुरतो. पहिली चूक शरीराचा घात करिते, दुसरी अंतःकरणाचा. म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेंत या प्रश्नाचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं. त्यास लुर्दच्या इतिहासाइतकें योग्य उदाहरण दुसरें सांपडणें कठीण. कारण श्रद्धा व वैद्यक यांची समोरासमोर गांठ दीडशेंहून अधिक वर्षें तेथें पडत आली आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं लुर्द हें गांव आहे. बर्नादेत सुबिरू ही तेथील एका पिठाच्या गिरणीवाल्याची थोरली मुलगी. तिचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजीं झाला. १८५५ सालीं गांवांत पटकीची सांथ आली. तींतून ती वांचली, परंतु दम्यानें पुढें तिची पाठ कधींच सोडली नाहीं. बापाचा धंदा बुडाला आणि घरची स्थिति इतकी खालावली, कीं पूर्वी तुरुंग म्हणून वापरून टाकून दिलेल्या एका अंधाऱ्या खोलींत सारें कुटुंब राहूं लागलें. अशा या चौदा वर्षांच्या आजारी व निरक्षर मुलीस ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या अवधींत मासाबिएलच्या गुहेपाशीं अठरा वेळां पवित्र मातेचें दर्शन झालें. २५ फेब्रुवारीस दर्शनांतील आज्ञेवरून तिनें हातांनीं माती उकरली, तों गढूळ पाणी वर आलें. तोच पुढें लुर्दचा झरा झाला.

पिरेनीजच्या त्या प्रदेशांत औषधी पाण्याचे झरे पुष्कळ आहेत, व त्यांवर गांवेंच्या गांवें भरभराटीस आलेलीं आहेत. हाहि झरा तसाच निघेल या आशेनें गांवच्या अधिकाऱ्यांनीं पाणी तपासावयास पाठविलें. तुलूझ येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक फिलोल यांनीं त्याच वर्षीं पृथक्करण करून निर्णय दिला, कीं हें साधें पिण्याचें पाणी असून त्यांत रोग बरा करणारें कोणतेंहि विशेष द्रव्य नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. लुर्दच्या पाण्यांत औषध आहे असें ख्रिस्तसभेनें कधींहि सांगितलें नाहीं. जें कांहीं तेथें घडतें तें पाण्याच्या गुणानें घडतें असें मानणें, ही श्रद्धा नव्हे, भ्रम आहे.

दर्शनांविषयीं तार्बचे बिशप लोराँस यांनींहि घाई केली नाहीं. त्यांनीं चौकशीमंडळ नेमलें. रोगी बरे झाल्याच्या ज्या वार्ता आल्या होत्या त्या माँपेलिएच्या वैद्यक विद्यालयाचे प्राध्यापक व्हेर्जे यांजकडून तपासून घेतल्या, आणि १८ जानेवारी १८६२ रोजीं, म्हणजे दर्शनांनंतर जवळजवळ चार वर्षांनीं, आपला निर्णय प्रसिद्ध केला. त्या वेळीं सात रोग्यांचें बरें होणें चमत्कार म्हणून मान्य झालें. गर्दी मोठी होती, उत्साह त्याहून मोठा होता. पण मान्य झाले ते सातच.

१८८३ सालीं डॉक्टर द्युनो द सँ-माक्लू यांनीं लुर्द येथें वैद्यांची कायमची कचेरी स्थापिली. आपण बरें झालों असें जो म्हणेल त्यानें तेथें जावें, आपले पूर्वीचे कागद दाखवावे व आपलें शरीर तपासूं द्यावें. या कचेरीचें दार कोणत्याहि डॉक्टरास उघडें असतें. तो आस्तिक आहे कीं नास्तिक, ख्रिस्ती आहे कीं अन्यधर्मी, हें कोणी विचारीत नाहीं. तपासाचे जे नियम पाळले जातात ते कार्दिनल लांबेर्तिनी यांनीं अठराव्या शतकांत, १७३४ ते १७३८ या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत घालून दिलेले आहेत. हेच कार्दिनल १७४० सालीं चौदावे बेनेदिक्त या नांवानें पोप झाले. रोग गंभीर असला पाहिजे. तो आपोआप उतरणीस लागलेला नसावा. दिलेल्या औषधानें बरा झालेला नसावा. बरें होणें अकस्मात् व पूर्ण असावें. आणि तें टिकलें पाहिजे. या चाळणींतून पार पडलें तरी वैद्य चमत्कार हा शब्द उच्चारीत नाहींत. आजच्या ज्ञानानें याचा उलगडा होत नाहीं, एवढेंच ते लिहून देतात. पुढील निर्णय त्या रोग्याच्या प्रांताचे बिशप करितात.

या चाळणीचीं भोंकें किती बारीक आहेत तें आंकड्यांवरून कळेल. आजवर सात हजारांहून अधिक लोकांनीं आपण लुर्द येथें बरे झालों अशी नोंद केली. त्यांपैकीं २०२५ सालापर्यंत ख्रिस्तसभेनें चमत्कार म्हणून मान्य केलेलीं प्रकरणें अवघीं बहात्तर आहेत. जॉन ट्रेनर नांवाचा लिव्हरपूलचा एक सैनिक पहिल्या महायुद्धांत जखमी होऊन आला होता. त्याचा उजवा हात लुळा पडला होता व त्यास फेफरें येत. तो १९२३ सालीं लुर्द येथें बरा झाला. त्याचें प्रकरण मान्य झाल्याची घोषणा ८ डिसेंबर २०२४ रोजीं झाली. म्हणजे मध्यें एक शतक लोटलें.

नास्तिकांनीं लुर्दवर टीका केली ती अर्थातच तीव्र होती. प्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला १८९२ सालीं स्वतः तेथें गेले. मारी लब्रांशू नांवाची क्षयानें जर्जर झालेली स्त्री बरी झाल्याचें वैद्यांच्या कचेरींत त्यांच्यासमोरच आलें. १८९४ सालीं त्यांनीं लुर्दवर कादंबरी लिहिली, तींत याच स्त्रीवरून घेतलेलें पात्र परतीच्या वाटेवर पुन्हां आजारी पडतें असें दाखविलें. खरी मारी लब्रांशू मात्र जिवंत राहिली, आणि १९०८ सालीं तिचें बरें होणें मान्य झालें. येथें कादंबरीकाराची कल्पना सत्याच्या मागें पडली.

परंतु याच्या उलट बाजूचीहि एक हकीकत आहे, आणि ती अधिक बोधप्रद आहे. १९०२ सालीं लियों येथील आलेक्सी कारेल हे तरुण डॉक्टर यात्रेकरूंच्या आगगाडीबरोबर लुर्द येथें गेले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, परंतु श्रद्धा उरली नव्हती. गाडींत मारी बाय्यी नांवाची तरुणी होती. तिच्या पोटास क्षयानें सूज आली होती आणि ती वाटेंतच प्राण सोडील अशी त्यांस भीति वाटत होती. गुहेजवळ तिच्या पोटावर झऱ्याचें पाणी ओतण्यांत आलें, आणि कारेल यांच्या डोळ्यांदेखत थोड्याच वेळांत सूज ओसरूं लागली. जें पाहिलें तें नाकारतां येईना आणि समजहि पडेना. ही वार्ता फुटल्यावर लियोंच्या वैद्यकवर्तुळांत त्यांस मार्ग उरला नाहीं. ते समुद्रापार गेले, आणि रक्तवाहिन्या शिवण्याच्या शास्त्राबद्दल १९१२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मारी बाय्यी ही पुढें धर्मभगिनी होऊन रोग्यांची सेवा करीत १९३७ सालापर्यंत जगली.

आतां कोणासहि वाटेल, कीं नोबेल पारितोषिक मिळविलेल्या साक्षीदाराचें हें प्रकरण ख्रिस्तसभेनें उचलून धरलें असेल. तसें झालें नाहीं. पोटाची अशी सूज क्वचित् मानसिक कारणानेंहि येते. ती शक्यता त्या वेळीं पुरेशी तपासली गेली नव्हती, या कारणास्तव १९६४ सालीं वैद्यांच्या मंडळानें तें प्रकरण पुढें नेलें नाहीं. बहात्तरांच्या यादींत मारी बाय्यीचें नांव नाहीं. आपल्या बाजूचा पुरावा नाकारणें हें शत्रूचा पुरावा नाकारण्याहून कठीण असतें. लुर्दची खरी प्रतिष्ठा, माझ्या मतें, या नकारांत आहे.

येथवर चमत्काराची कथा झाली. परंतु चमत्कार हा विरळा. ज्यांचा रोग कायम राहतो, किंवा जे नित्याच्या जीवनांत देवाची उपासना करितात, त्यांच्या शरीरावर श्रद्धेचा कांहीं परिणाम होतो काय, हा प्रश्न उरतोच. पॅरिस येथील विख्यात मज्जावैद्य शार्को यांनीं १८९२ सालीं रोग बऱ्या करणाऱ्या श्रद्धेवर एक निबंध लिहिला. मनाच्या धक्क्यानें आलेला अर्धांगवायु, वाचा बसणें, अंग थरथरणें, असे रोग दृढ विश्वासानें जाऊं शकतात, असें त्यांचें म्हणणें. त्यांचा हेतु चमत्काराचें गूढ उकलण्याचा होता. पण नकळत त्यांनीं श्रद्धेचें शरीरावरील सामर्थ्यच मान्य केलें. लुर्दच्या वैद्यांनीं त्यांतील सत्य घेतलें आणि असे मज्जाविकार आपल्या हिशेबांतून वगळले.

शार्को यांच्यानंतर शतकाहून अधिक काळ गेला आणि मोजण्याचीं साधनें सुधारलीं. इटलींतील संशोधकांनीं २००१ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांस त्यांनीं लॅटिन भाषेंत जपमाळेची प्रार्थना म्हणावयास लाविलें, व एकदां एका बौद्ध मंत्राचा जप करावयास लाविलें. दोन्ही वेळां श्वासाची गति मंदावून मिनिटास सुमारें सहा श्वास इतकी झाली, आणि रक्तदाबाचा तोल सांभाळणारी जी शरीराची यंत्रणा आहे तिचें काम अधिक चांगलें चालूं लागलें. आमच्या आज्या संध्याकाळीं क्रूसापुढें बसून नमो मरियेचा एक अर्धा भाग आपण म्हणत व दुसरा अर्धा इतरांवर सोडीत. त्या दोन भागांच्या लयींत श्वास व हृदय हीं किती शांत होतात याचें गणित त्यांना ठाऊक नव्हतें, पण अनुभव होता. मंत्राचाहि गुण तोच आढळला, यांत आम्हीं खेद मानण्याचें कारण नाहीं. शरीर सर्वांचें एकाच निर्मात्यानें घडविलें आहे.

दुसरा अभ्यास अमेरिकेंतील परिचारिकांचा. त्यांत ७४,५३४ स्त्रियांच्या आयुष्याची सोळा वर्षें नोंद ठेवण्यांत आली व २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून एकाहून अधिक वेळां उपासनेस जाणाऱ्यांत, कधींच न जाणाऱ्यांपेक्षां, मृत्यूचें प्रमाण सुमारें ३३ टक्क्यांनीं कमी आढळलें. अशा निरीक्षणांवरून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाहीं, हें खरें. जो मुळांतच धडधाकट तोच देवळापर्यंत चालत जातो, हेंहि ध्यानांत घ्यावें लागतें. संशोधकांनीं तो भाग शक्य तितका वजा करून पाहिला, तरीहि फरक उरला. उपासनेस जाणाऱ्या स्त्रिया तंबाखू कमी ओढीत, त्यांचें मन कमी खचे, आणि अडचणींत त्यांस माणसें मिळत. अशीं कांहीं कारणें त्यांना दिसलीं. एखादी म्हातारी दोन रविवार मिस्सेस दिसली नाहीं म्हणजे तिसऱ्या दिवशीं कोणी तरी तिच्या दारीं विचारावयास जातें. तें विचारणें हेंहि औषधच आहे.

तिसरा अभ्यास मात्र आपला अहंकार उतरविणारा आहे. अमेरिकेंतील सहा रुग्णालयांत हृदयावर शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रोग्यांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांस सांगितलें, कीं तुमच्याकरितां अनोळखी लोक प्रार्थना करितील किंवा करणार नाहींत. त्यांपैकीं एकाकरितांच ती केली. तिसऱ्या गटास प्रार्थना होणार हें निश्चित सांगून ती केली. २००६ सालीं निकाल लागला: पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतर उपद्रव झालेल्यांचें प्रमाण ५२ व ५१ टक्के, म्हणजे सारखेंच, आणि तिसऱ्यांत ५९ टक्के. आपल्याकरितां प्रार्थना करावी लागते, तेव्हां आपलें दुखणें फारच भारी असावें, अशी भीति त्या रोग्यांस वाटली असेल, असा तर्क कोणीं कोणीं केला. मला त्यांत दुसरा बोध दिसतो. प्रार्थना ही औषधाची मात्रा नव्हे, कीं इतकी दिली म्हणजे इतका गुण यावा. आपल्या प्रभूनें रानांतील परीक्षेच्या वेळीं देवाची कसोटी पाहण्याचें साफ नाकारलें, हें आपणांस ठाऊक आहे. देव बापाजवळ मागणें वेगळें आणि दुकानांतून माल उचलणें वेगळें.

हा बोध दूरच्या फ्रान्सवरून किंवा अमेरिकेवरूनच घ्यावा लागतो असें नाहीं. आपल्या मुंबईचा प्लेग आठवा. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत तापाचे रोगी मरूं लागले. ही गांठीच्या तापाची सांथ आहे हें ज्यांनीं प्रथम ओळखलें ते डॉक्टर अकासियो व्हिएगस हे गोव्याचे कॅथोलिक होते. शहर ओस पडूं लागलें. त्या काळांत व पुढील वर्षांत मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत, विशेषतः वांद्र्यास, लोकांनीं सांथ टळावी म्हणून ठिकठिकाणीं क्रूस उभारले. त्यांतील पुष्कळ आजहि उभे आहेत. त्याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकीन नांवाचे ज्यू शास्त्रज्ञ प्लेगाची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. एकाच शहरांत, एकाच आपत्तींत, रस्त्यावर क्रूस व प्रयोगशाळेंत लस, अशीं दोन्ही उभीं राहिलीं. ज्यानें क्रूसापुढें गुडघे टेकले आणि दंडहि पुढें केला, त्यानें देवाच्या दोन्ही दानांचा मान राखला. ज्यानें क्रूसाचें निमित्त करून लस नाकारली, त्यानें एका दानास दुसऱ्याचें वैरी ठरविलें.

पवित्र शास्त्राचा कौलहि असाच आहे. बेन सिराखाच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायांत आजाऱ्यानें देवाची प्रार्थना करावी व वैद्यासहि त्याची जागा द्यावी, असा उपदेश आहे. कारण औषधी जमिनींतून उगवितो तोहि देवच. संत लूक हे स्वतः वैद्य होते. म्हणून क्षयाच्या रोग्यानें थोडें बरें वाटतांच, नवस फळला असें समजून, सहा महिन्यांचें औषध दोन महिन्यांत टाकून देणें यांत धर्मनिष्ठा मुळींच नाहीं. रोग पुन्हां उसळतो, औषधास दाद देईनासा होतो, आणि घरांतील लेंकरांसहि लागतो. तसेंच, रुग्णाभ्यंगाच्या संस्कारास केवळ मरणाची खूण मानून शेवटचा श्वास लागेपर्यंत धर्मगुरूस न बोलावणें, हेंहि अज्ञान आहे. तो संस्कार आजाऱ्याच्या बळासाठीं आहे. शुद्ध असतांना, हात हातांत घेतां येत असतांना तो घ्यावा.

आतां राहिले ते जे बरे होत नाहींत. लुर्द येथें गेलेल्या असंख्य आजाऱ्यांपैकीं बहुतेक सर्व आपलें दुखणें घेऊनच परत येतात. ते अश्रद्ध असतात काय? याचें उत्तर स्वतः बर्नादेतच्या चरित्रांत आहे. जिच्या हातांनीं तो झरा उघडला ती १८६६ सालीं नव्हेर येथील मठांत गेली. तेथें तिनें आजारी भगिनींची शुश्रूषा केली, आणि दमा व हाडांचा क्षय यांनीं गुडघा सुजून, दीर्घ वेदना सोशीत, १६ एप्रिल १८७९ रोजीं, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं देह ठेविला. हजारों लोक ज्या पाण्यासाठीं देशोदेशींहून येत होते तें पाणी आपल्यासाठीं नाहीं, असें ती मानी. ८ डिसेंबर १९३३ रोजीं ख्रिस्तसभेनें तिला संतपद दिलें, तें ती बरी झाली म्हणून नव्हे. संत पौलानें आपल्या शरीरांतील कांटा निघावा म्हणून तीनदां विनविलें. तो निघाला नाहीं. आणि जन्मांधास पाहून हा कोणाच्या पापाचें फळ भोगतो असें शिष्यांनीं विचारलें, तेव्हां याच्याहि नव्हे व आईबापांच्याहि नव्हे, असेंच प्रभूनें सांगितलें. तेव्हां खाटेवर पडलेल्या माणसाजवळ जाऊन तुमची श्रद्धा कमी पडली असें जो बोलतो, तो प्रभूनें न लादलेलें ओझें त्याच्या उरावर ठेवितो.

लुर्द येथें एक देखावा रोज दिसतो. १८८५ सालीं स्थापन झालेल्या सेवकसंघाचे स्त्रीपुरुष आजाऱ्यांच्या गाड्या ढकलतात, त्यांस पाणी पाजतात, स्नान घालतात. मिरवणुकींत सर्वांच्या पुढें असतात ते हे आजारी. धडधाकट माणसें त्यांच्या मागून चालतात. इतर सर्व दिवस जो कोपऱ्यांत पडलेला असतो तो तेथें अग्रभागीं असतो. मला वाटतें, लुर्दचा नित्य घडणारा व कोणत्याहि कचेरीच्या दाखल्याची गरज नसलेला चमत्कार हाच होय. आणि तो घडविण्यास फ्रान्सला जावें लागत नाहीं. १९९३ सालापासून ११ फेब्रुवारी हा लुर्दमातेचा सण जगांतील आजाऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ कोणी तरी बसावें, त्याच्यासंगें जपमाळ म्हणावी, त्याच्या औषधाची पुडी संपली आहे काय तें पाहावें, आणि संपली असल्यास आणून द्यावी.

या महोत्सवानिमित्त आपण देवाचे आभार मानूं, तेव्हां धर्मगुरूंबरोबर आपल्या वैद्यांचे, परिचारिकांचे व रात्री जागविणाऱ्या घरोघरच्या मायबहिणींचेहि मानूं. लुर्दमाता आपल्या आजाऱ्यांस आरोग्य देवो. ज्यांस तें मिळणें नाहीं त्यांस धीर देवो. आणि आपणां धडधाकटांस त्यांच्या मागून चालण्याची नम्रता देवो.